इनास सरांची म्हणे शिस्त

इनास सर गेल्याची बातमी मला एका चष्म्याच्या दुकानदाराने वाचून दाखवली. माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर त्याचं दुकान आहे. माझ्या चष्म्याची काडी निखळली होती. चष्मा त्याच्या हातात, फोन माझ्या हातात, आणि फोन एकसारखा वाजत होता. म्हटलं, बघा हो जरा, काय पेटलंय. त्याने बघितलं आणि म्हणाला, "कोणी सर गेले वाटतं तुमचे. सगळ्यांनी हात जोडलेत." आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागला. चष्मा चढवल्यावर मी ते जोडलेले हात एकेक करून ओळखले. आमच्या क्लबचा ग्रुप होता. सर हयात असताना त्यातले निम्मे हात त्यांच्यासमोर कधी खिशातूनसुद्धा बाहेर आले नव्हते. एका शहाण्याने तर गडबडीत वाढदिवसाचा केक पाठवला होता, मग तो खोडला, मग फुलं पाठवली. मी काहीच लिहिलं नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो आणि... खोटं कशाला सांगू, रडलोही नाही. मला राग आला होता, आणि तो नेमका कोणाचा हे कळायला पुढचे पाच आठवडे जावे लागले.

इनास सर आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक होते आणि वसईत बास्केटबॉल खेळलेल्या तीन पिढ्यांचे कोच. उंची जेमतेम सव्वापाच फूट. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ते रविवारी चर्चमध्ये मिस्सेलाही तेच, त्यावरून त्यांच्या बायकोने, मॅगीबाईंनी, आयुष्यभर त्यांना टोमणे मारले. मी त्यांच्या पहिल्या संघाचा कॅप्टन. रत्नागिरीहून आलेलं आमचं बिऱ्हाड तेव्हा स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहायचं, आणि मला त्या खोल्यांतून बाहेर काढून मैदानावर उभं केलं ते सरांनी. पुढे मी चर्चगेटच्या एका सरकारी कचेरीत चिकटलो आणि क्लबचा सेक्रेटरीही झालो. म्हणजे दिवसा लोकांच्या फायली अडवायच्या आणि संध्याकाळी खेळाडूंना. सर मला "अव्या" म्हणायचे. पुढे सांगणार आहे त्या प्रसंगापर्यंत म्हणायचे.

दहाव्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. दाराशी फ्लेक्स होता, त्यावर सरांचा फोटो पासपोर्टएवढा आणि आमच्या अध्यक्षांचा, म्हणजे अण्णांचा, ताटाएवढा. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. कोणाचा तरी फोन वाजला आणि ती पाऊण मिनिटात उरकली. मग अण्णा बोलायला उठले आणि त्यांनी वसईत सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगितली. अकरा वर्षांपूर्वी आपला क्लब जिल्ह्याच्या फायनलला पोचला होता. संघात बस्त्याव होता, पाचूबंदरचा कोळी, सहा फूट पाच इंच, सरांचा जीव की प्राण. पण तो सरावाला यायचा नाही. आणि सरांनी काय केलं? फायनलच्या दिवशी त्या बस्त्यावला बाकावर बसवलं! कप गेला तरी चालेल, शिस्त जाता कामा नये! "याला म्हणतात कोच," अण्णा म्हणाले आणि रुमालाने डोळे टिपले. उन्हाळा होता, घाम असेल. हॉलभर माना डोलल्या. दुसऱ्या रांगेत बसून माझीही डोलली.

ती गोष्ट खोटी आहे. सरांनी बस्त्यावला बसवलं नव्हतं. आम्ही बसवलं होतं, कमिटीने, आणि त्यासाठी जी वही लागली ती माझ्या काखेत होती. मेलेल्या माणसाच्या नावावर जमा झालेलं हे खोटं उतरवून ठेवावं, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलोय. खरं तर ते त्याच हॉलमध्ये उठून सांगायला हवं होतं. तिथे मी समोसा खाल्ला. आणि समोसा खाताना अण्णांनी मला कोपऱ्यात ओढून काय सांगितलं असेल? "अविनाश, विरारला एक पोरगा बघून ठेवलाय. सहा-पाच आहे. जिममध्ये असतो. ब्लॉकिंगला एक नंबर होईल." दहाव्यालाही यांचा शोध चालूच.

आमच्या क्लबचा इतिहास म्हणजे उंच माणसाचा शोध, दुसरं काही नाही. ज्यांनी हा खेळ बघितला नसेल त्यांना सांगतो. समोरचा खेळाडू तुमच्या बास्केटखाली घुसतो, चेंडू टाकायला उडी मारतो, तेव्हा त्याच्याही वर जाऊन तो चेंडू हवेतच अडवणारा एक माणूस लागतो. तो असला की समोरचे आत यायला कचरतात. आमच्याकडे तो कधीच नव्हता. आमचे गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे, चपळ, आमचे नेम चांगले, आणि आमच्या बास्केटखाली मात्र धर्मशाळा. कोणीही यावं, टाकून जावं. दर वर्षी सेमीफायनलला मार खायचा आणि कमिटीने ठराव करायचा, की उंच माणूस हवा. ऑफिसच्या भिंतीवर तेलरंगाने इंचांच्या खुणा केल्या होत्या, आणि कोणी लांबोडका दिसला की त्याला त्या भिंतीशी उभं करायचं, जसं काही आम्ही खेळाडू नाही, पडद्याचं कापड घेतोय.

सातिवलीच्या एका गोडाऊनचा वॉचमन पहिला. सहा फूट सहा. अण्णांनी त्याला गाडीत घालून आणला, तो ड्युटीच्या कपड्यांत, बिल्ल्यासकट. बिचारा फार सभ्य होता. समोरचा उडी मारायला लागला की हा बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. आयुष्यभर फाटकावर उभं राहून त्याला तेच शिकवलं होतं! त्याची चूक नव्हती. चूक त्यांची, ज्यांना वाटत होतं की उंची आणली की खेळ मागोमाग चालत येतो. मग आमच्या खजिनदाराने एका लग्नात नवरीचा भाऊ हेरला, आणि जेवणाची पंगत सोडून त्याची उंची विचारत बसला. मुलीकडच्यांना वाटलं, याला स्थळ द्यायचंय. मग पुण्याहून एक आला. तो अण्णांच्या एका देणगीदाराचा भाचा, खेळाडूंच्या जर्सी ज्याच्या पैशांनी यायच्या त्याचा. रोज वेळेवर हजर, रोज नवे बूट, आणि बास्केटखाली दोन्ही हात वर करून उभा. उडी नाही, काही नाही. सर म्हणायचे, "याच्यावर कपडे वाळत घाला."

सरांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, उंची डोळ्यांना दिसते म्हणून तुम्ही तीच मोजता. उडी कधी मारायची नाही हे ज्याला कळतं, तो माणूस मला आणा. कमिटीला हे म्हणजे गाढवापुढे गीता. आणि हे मी कमिटीत बसून सांगतोय, तेव्हा त्या गाढवांत एक मला धरा.

बस्त्याव सरांना सापडला तो जूनमध्ये. पाचूबंदरला सुकी मासळी आणायला ते गेले होते. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, आणि एक माणूस खाली वाळूवर उभा राहून बोटीच्या वरच्या काठाला रंग देत होता, शिडीशिवाय. पण सर थांबले ते त्याच्या उंचीमुळे नाही. धक्क्याला एक होडी हिंदकळत होती आणि तिच्यातून माणसं उतरत होती. बाकीचे धडपडत उतरले. हा रंगाचा ब्रश ठेवून मदतीला गेला, होडीत चढला, सामान घेऊन काठावर उभा राहिला, आणि एक लाट आली, दुसरी आली, हा आपला उभाच. तिसरीला शांतपणे पाय टाकून बाहेर आला. सरांनी त्याला विचारलं, थांबलास का रे? तो म्हणाला, "लाट वर येते तवा उडी नाय मारायची. ती आपल्यालाच वर घेते." सर सुके बोंबील तिथेच विसरले आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून माणिकपूरला घेऊन आले.

त्या पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये मी जे बघितलं ते पुन्हा कधी बघितलं नाही. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतलेला माणूस. सुरुवातीला तो चेंडू असा फटकवायचा की हॉलच्या खिडकीची जाळी वाकायची, आणि त्याला स्वतःलाच मजा वाटायची. सर म्हणाले, बाहेर मारलास तर तो परत त्यांनाच मिळतो. तू थोपव आणि अव्याच्या पोरांकडे दे. पंधरा दिवसांत तो चेंडू नुसता बोटांनी थोपवून आमच्या गार्डच्या हातात ठेवायला लागला. समोरच्याने कितीही हुलकावणी दिली तरी हा जागचा हलायचा नाही. त्याचे पाय जमिनीवरून सुटले की मगच हा सुटायचा, आणि आधी पोचायचा. अण्णा खूश. फ्लेक्सवर नाव छापलं, पेढे वाटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

आणि ऑगस्ट उजाडला. बंदी उठली, फादरनी बोटींवर पवित्र पाणी शिंपडलं, बोटी गेल्या, आणि आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखालचा तो उंच माणूस, त्यांच्याबरोबर गेला. कमिटीला धक्काच बसला! वसईत राहणारी, रोज ताटात मासळी मागणारी ही माणसं, आणि यांनी कोळ्याची निवड केली ती नेमकी अशा दोन महिन्यांत जेव्हा कोळी घरी असतो. "दुपारी काय काम असतं त्याला?" खजिनदारांनी मला विचारलं. मी हसलो नाही. मलाही माहीत नव्हतं. आमच्या कॉलनीतल्या कोणालाच माहीत नव्हतं, की पाचूबंदर स्टेशनवरून अर्ध्या तासावर आहे पण तिथलं घड्याळ वेगळं आहे.

सरांना ते घड्याळ माहीत होतं. समुद्रात बांधलेल्या डोल जाळ्यांना पाण्याची ओढ लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढ जोरात आणि बोटी समुद्रात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला ते भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत बोटी किनाऱ्याला, माणसं जाळी दुरुस्त करत घरी. चर्चच्या कॅलेंडरावर तिथ्या नसतात, म्हणून सरांनी बाजारातून तिथ्यांचं कॅलेंडर आणलं आणि प्रत्येक सप्तमी ते दशमी लाल पेनाने गोल करून ठेवली. त्या दिवसांत बस्त्यावबरोबर सराव, एरवी त्याच्याशिवाय. अण्णा थट्टा करायचे, "सर, अष्टमीचा उपास धरलात काय?" सर म्हणायचे, "तुम्ही नवमीला या, पारणं सोडू."

मी मात्र माझ्या वहीत लिहीत होतो. हजेरीची वही मीच सुरू केली होती, आमच्या कचेरीतल्या मस्टरवरून. तीन चतुर्थांश हजेरी नसेल तर संघात जागा नाही, हा नियमही माझाच, आणि मला त्याचा अभिमान होता. रोज संध्याकाळी सहा वाजता मी नावं पुकारायचो आणि बस्त्यावच्या नावापुढे लाल शाईने 'गै' लिहायचो. गैरहजर. सरांनी एकदा ती वही उलटीपालटी करून बघितली आणि मला परत दिली. "अव्या, यात पाणी कुठे लिहितोस?" म्हणाले. मला वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

डिसेंबरात स्पर्धा आली. सेमीफायनल भांगात पडली आणि पुण्याचा भाचा तापाने पडला, तेव्हा बस्त्याव खेळला. ज्या संघाने आम्हाला चार वर्षं हाणलं होतं त्यांचे खेळाडू उत्तरार्धात बास्केटपर्यंत येईनासे झाले. लांबून टाकत होते आणि चुकत होते. आम्ही फायनलला पोचलो. क्लबच्या जन्मात पहिल्यांदा. फायनल पुढच्या रविवारी होती आणि रविवारी पौर्णिमा होती. सगळे धरून चालले होते की तो येणार नाही. शुक्रवारी सर सांगत आले, "तो येतोय. उधाण सोडून येतोय. त्याच्या मामाची बोट एका माणसाने कमी जाणार." मला वाटतं, त्या वेळी आमच्यापैकी एकालाही याचा अर्थ कळला नाही. ज्या चार दिवसांवर महिना चालतो ते दिवस त्या माणसाने आमच्या एका कपासाठी बाजूला ठेवले होते.

शनिवारी संध्याकाळी कमिटीची सभा. भाच्याचा ताप उतरला होता, देणगीदारही येऊन बसला होता, आणि त्याचं म्हणणं होतं की जो मुलगा रोज येतो त्याला बसवून जो येतच नाही त्याला खेळवणं हा अन्याय आहे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांना निमित्त हवं होतं आणि ते माझ्याजवळ होतं, शाईने लिहिलेलं. मी वही उघडली आणि वाचून दाखवली. ऑगस्ट, गै, गै, गै, हजर, हजर, गै... नियमाप्रमाणे बस्त्याव बसत नाही, मी म्हणालो. माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला, कचेरीत एखाद्याची रजा नामंजूर करताना निघतो तसा. सर पुष्कळ बोलले. मी त्यांना तेवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मतं घेतली, सगळे हात एका बाजूला. माझाही. मग सरांनी एवढंच विचारलं, "त्याला सांगणार कोण?" आणि सहाच्या सहा माणसं पंख्याकडे बघायला लागली. मीसुद्धा. "बरं," सर म्हणाले. "मी सांगतो." काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी बस्त्याव आला. शर्टाच्या आत जर्सी घालूनच आला होता. पूर्ण सामना बाकावर बसला, गुडघ्यांवर टॉवेल टाकून. मी शेजारीच, स्कोअरच्या टेबलाशी. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो, तेव्हा त्यांचा गार्ड आमच्या बास्केटखाली घुसला. भाचा हात वर करून उभा राहिला, नेहमीप्रमाणे. आणि माझ्या बाजूला काहीतरी हललं. बस्त्याव बाकावरून उठून हवेत गेला होता, बरोब्बर त्या क्षणाला, हात वर, पंजा उघडा, मैदानाच्या बाहेर. त्याचं त्यालाही कळलं नसावं. चेंडू बास्केटमध्ये पडला आणि तो खाली आला, टॉवेल उचलला, आणि पुन्हा बसला. आम्ही एका गुणाने हरलो. त्याची ती उडी मी बघितली, आणि तरी त्या संध्याकाळी मी वहीत, ज्या वहीने त्याला बसवलं त्याच वहीत, त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. माणूस किती हलकट असू शकतो याचा तेवढा एक पुरावा माझ्याजवळ माझ्याच अक्षरात आहे.

बस्त्याव पुन्हा आला नाही. सरांनी मोठ्यांचा संघ सोडला आणि सकाळच्या लहान पोरांना शिकवत राहिले. माझ्याशी भांडले नाहीत, अबोला धरला नाही. फक्त मला "अविनाशराव" म्हणायला लागले. आणि दर वर्षी बक्षीस समारंभात अण्णा ती शिस्तीची गोष्ट सांगायचे, सर पहिल्या रांगेत बसून बुटांकडे बघायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. मला वाटायचं, अण्णांनी रचलेली ही गोष्ट सरांना गोड लागते. मी त्यासाठी सरांना मनातल्या मनात तुच्छ लेखलं, हे इथे लिहून टाकतो. म्हटलं, शेवटी हाही आपल्यातलाच. शाल मिळत असेल तर खोटं अंगावर घेणारा. ते तसं असणं मला सोयीचं होतं.

सर गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर मॅगीबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "अविनाश, बस्त्याव मातीला आला नाही. आजही नाही. त्याला कोणी कळवलं नसेल. तू जाऊन ये ना." मी आयुष्यात पहिल्यांदा तिथी बघून घराबाहेर पडलो. नवमी होती.

तो घरासमोर जाळं पसरून बसला होता. कानांजवळ पांढरं आलंय, बाकी तसाच. आता बोट त्याची स्वतःची आहे. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली, तिच्यावर फडकं मारलं, बायकोला, फिलूला, चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, सर गेले रे. "ठाव हाय," तो म्हणाला. मग तू... आला नाहीस? त्याने सुई जाळ्यात अडकवून ठेवली. "कशाला येऊ? उधान सोडून गेलो होतो मी. मामा म्हयनाभर बोलला नाय. नि सर माझ्या तोंडावर म्हनले, बस्त्याव, आज तू बसनार, मीच ठरवलंय. हजेरी म्हंजे हजेरी. कमिटीवर राग धरू नको. अविनाश तर तुझ्यासाठी भांडला, मीच आयकलं नाय त्याचं." फिलूने चहा आणला, बशीत दोन बिस्किटं. "तुमी भांडलात," बस्त्याव म्हणाला. "मी इसरलो नाय ते. घ्या."

अण्णांनी ती गोष्ट रचली नव्हती. ती सरांची होती. सहा माणसं पंख्याकडे बघत असताना एका माणसाने ती रचली, आणि त्यात आम्हा सगळ्यांना आत घेऊन स्वतः बाहेर उभा राहिला... मी तो चहा प्यायलो. हो, प्यायलो. बिस्किटही खाल्लं. आणि "येतो" म्हणून निघालो.

फिलू रिक्षापर्यंत सोडायला आली. वळणावर घर दिसेनासं झाल्यावर म्हणाली, "सरांच्या बाईंना सांगा, मी येनार होते, पन याला आवडत नाय. सर दर बुधवारी यायचे माझ्याकडे, धक्क्याखालच्या बाजारात. पावशेर बोंबील घ्यायचे नि इचारायचे, भांग असला तर, घरीच हाय ना तो? उधान असलं तर, बोटीवर सगलं ठीक हाय ना? मला शपथ घातलेली, त्याला सांगू नको म्हनून. घरात दोन मानसं, एवडे बोंबील कोन खातं ओ?"

रिक्षावाल्याला म्हटलं, जा. आणि परत फिरलो. बस्त्यावसमोर उभा राहून सांगितलं, सरांनी नाही, मी. वही माझी, नियम माझा, हातही वर केला होता. सर तुझ्यासाठी भांडले, एकटेच. मला वाटलं होतं तो उठेल, त्या पंज्याची एक बसेल, आणि ती मला हवी होती. तो उठला नाही. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बराच वेळ जाळ्यातली सुई काढत राहिला, ती निघेना. फिलू मागून येऊन उभी होती. तिने बुधवारचं सांगितलं, सगळं, हळूहळू, घाबरत.

"कवा यायचे?" त्याने विचारलं.

"धाच्या सुमाराला. तू वर धक्क्यावर असायचास तवा."

"मी बघायचो त्यांना वरनं," बस्त्याव म्हणाला. "भांगात दर बुधवारी बघायचो. मला वाटायचं, म्हावरं घ्यायला येतात."